लेकीची चिमट

साताऱ्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी बंद पडली तेव्हा माझी लेक दीड वर्षाची होती. कंपनी काही एका दिवसात बंद पडली नाही. आधी ओव्हरटाइम गेला, मग तिसरी पाळी गेली, मग आठवड्यातले दोन दिवस गेले, आणि एका सोमवारी आम्ही सायकली घेऊन गेलो तर वॉचमन बाहेर उभा होता आणि गेटला आतून कुलूप होतं. मी तिथे फिटर होतो. नऊ वर्षं हातात कानस धरून काढली होती.

त्याच महिन्यात बायकोला सांगलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची नोकरी लागली. अर्ज तिने वर्षापूर्वी केला होता आणि आम्ही दोघंही तो विसरून गेलो होतो. साताऱ्यातली खोली सोडली, टेम्पोत सामान भरलं आणि विश्रामबागेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायला आलो. खाली घरमालक आणि मालकीणबाई, दोघंही साठीच्या पुढचे.

लेकीला कोण सांभाळणार हा प्रश्न होता. माझ्या सासूबाई लग्नाआधीच गेल्या होत्या. माझी आई कोरेगावकडच्या आमच्या गावी ऊस, म्हशी आणि वडील या तिघांच्या मागे.

"मी राहतो की घरी," मी म्हटलं. "दुसरं काम लागेपर्यंत."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? नऊ वर्षं मशिनं सांभाळली."

हे वाक्य मी नंतर बरेच महिने मनातल्या मनात परत घेत होतो.

लेक आमची दीड महिना आधी जन्मलेली. पहिल्या दिवशी ती माझ्या पंज्यापेक्षा फार मोठी दिसत नव्हती. त्यामुळे तिला जपायची सवय आम्हाला पहिल्यापासून लागली होती. ती उशिरा बसली, उशिरा उभी राहिली, आणि चालायला लागली ती सांगलीला आल्यावर. प्रत्येक वेळी लोक म्हणायचे, होईल हो, सातव्या-आठव्या महिन्यातली मुलं जरा मागून येतात. आणि तसं होतही गेलं. म्हणून हाताचं आमच्या लक्षात यायला वेळ लागला.

एके दिवशी मालकीणबाईंची नात आली होती. आमच्या लेकीपेक्षा महिनाभराने लहानच. बाईंनी दोघींना ओट्यावर बसवलं आणि दोघींच्या पुढ्यात एकेका ताटलीत मूठभर बेदाणे टाकले. सांगलीत बेदाण्याला काय तोटा. त्यांची नात एक एक बेदाणा अंगठा आणि बोटाने उचलायची, त्याच्याकडे बघायची आणि तोंडात टाकायची. माझ्या लेकीने पंजा पालथा टाकला, बेदाणे ओढून मुठीत धरायचा प्रयत्न केला. मूठ तोंडाकडे नेईपर्यंत त्यातले तीन-चार खाली पडले, बाकीचे तळहाताला चिकटले. दोनदा तसं केल्यावर ती वाकली आणि सरळ ताटलीला तोंड लावलं.

मालकीणबाई हसल्या. मीही हसलो. पण मी फिटर माणूस, हात बघायची मला सवय. कोणता नवा पोरगा कानस कशी धरतो यावरून तो टिकेल की नाही हे मी सांगायचो. आणि स्वतःच्या लेकीचे हात मी दीड वर्ष नीट बघितले नव्हते.

बायको संध्याकाळी आल्यावर मी तिला सांगितलं. तिने पर्स खुंटीला लावली आणि पाठमोरीच म्हणाली, "मला केव्हापासून दिसतंय ते. ती खडूही मुठीनेच धरते. मला वाटलं, मीच उगाच जास्त विचार करते."

मुलांच्या एका वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्यांनी लेकीला टेबलावर बसवलं, पेनाचं टोपण दिलं, पट्टी दिली, औषधाची रिकामी डबी दिली, आणि आमच्याशी बोलत बोलत तिच्याकडे बघत राहिल्या. मग हातपाय हलवून, वाकवून पाहिले.

"हिला भरवतं कोण?"

"मी," मी म्हणालो.

"स्वतःच्या हाताने खात नाही?"

"सांडते फार."

"कपडे, चपला?"

"मीच."

"आणि खेळायला काय देता?"

मी बाहुली आणि रबरी बदक सांगितलं. अजून काही आठवेना.

"आजार काही नाही," बाई म्हणाल्या. "स्नायू जरा मऊ आहेत, आधी जन्मलेल्या मुलांत असतं असं. पण तुम्ही दोघांनी मिळून हिला एकही काम करू दिलेलं नाही. सांडू दे. भिजू दे. पीठ, पाणी, माती, कागद, जे घरात असेल ते हातात पडू दे. औषध लिहून देत नाही मी. तीन-चार महिन्यांनी दाखवा." मग दाराशी गेल्यावर परत हाक मारून म्हणाल्या, "बारीक वस्तू द्यायची ती डोळ्यांसमोर. तुमचे डोळे तिच्या हातावर असतील तरच."

बायको परत येताना रिक्षात लेकीची बोटं उलगडून बघत होती. मी मात्र हुशारून गेलो होतो. काम म्हणजे माझा प्रांत. दुसऱ्या दिवशी वखारीतून लाकडाचा एक तुकडा आणला, त्याला ओळीत दहा भोकं पाडली, दहा खुंट्या तासल्या, कानस मारून गुळगुळीत केल्या. खुंटी भोकात टाकली की हवासुद्धा जाणार नाही असं फिटिंग. कंपनीत साहेबांनी पाठ थोपटली असती. वहीच्या कागदावर वेळापत्रक लिहून कपाटाला चिकटवलं: सकाळी दहाला पंधरा मिनिटं, दुपारी चारला पंधरा मिनिटं.

पहिल्या दिवशी लेकीने खुंटी घेतली आणि फेकली. मी परत दिली. तिने परत फेकली. मग मी तिचा हात हातात घेतला, अंगठा इकडे, बोट तिकडे असं धरून खुंटी उचलायला लावली आणि भोकात घातली. "शाब्बास! आता तू." तिने फेकली. माझं फिटिंग इतकं घट्ट होतं की तिच्यासारख्या पोरीला ते जमणं शक्यच नव्हतं, पण हे मला दिसत नव्हतं. मला वाटत होतं, सराव कमी पडतोय. तिसऱ्या दिवशी मी तिची बोटं जरा जोरात दाबली असावीत. ती रडली. मी म्हटलं, एवढी एक खुंटी घाल, मग सोडतो.

पाचव्या दिवशी दहा वाजता मी कपाटावरून फळी काढली. लेक दारात उभी होती. तिने फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले. रडली नाही, काही नाही. फक्त हात लपवून उभी राहिली.

मी फळी परत वर ठेवली. संध्याकाळी बायकोने विचारलं, झालं का आजचं, तर मी हो म्हणालो. पुढचे बरेच दिवस मी हो म्हणत राहिलो आणि लेकीला पूर्वीसारखाच भरवत राहिलो. ती माझ्या हातून जेवायची, पण मी तिचा हात धरायला गेलो की बोटं आवळून घ्यायची.

दिवाळीनंतर आई आली. गावाकडून एसटीने, बरोबर शेंगांचं पोतं, पावट्याचं गाठोडं आणि गुळाची ढेप. सुनेने बोलावलं होतं तिला. मला न विचारता पत्र टाकलं होतं, हे मला मागून कळलं.

दुसऱ्या दिवशी बायको कॉलेजला गेल्यावर आईने स्वयंपाकघरात फतकल मारली. आदल्या रात्री भिजत घातलेल्या पावट्यांचं पातेलं पुढ्यात ओढलं आणि सोलायला लागली. भिजलेला पावटा बोटांत धरून दाबला की आतला दाणा सालीतून टुणकन उडतो. लेक चौकटीला धरून उभी. आईने तिच्याकडे बघितलंही नाही. आपली सोलत राहिली. एक दाणा उडून लेकीच्या पायाशी पडला. आई म्हणाली, "आगं बया, पळाला की ह्यो!"

लेक खुदकन हसली.

दुसरा दाणा आईने मुद्दाम उडवला असेल की काय, कोण जाणे. लेक चौकट सोडून जवळ आली, बसली, पातेल्यात हात घातला आणि पंजाभरून पावटे काढले. मी पुढे झालो. "असं नाही बाळा, एक घे, अंगठा…"

"तू गप रं," आई म्हणाली. "जा, बाहीर जाऊन बस."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय तिला…"

"आरं, वासराला कुनी चरायला शिकीवतं व्हय? गाईसंगं सोडायचं. त्येचं त्ये बघतंय." मग जरा थांबून, "कालधरनं बघतीया मी, तू हात पुढं केलास की पोरगी मूठ झाकती. काय केलंस तिला?"

मी उठलो. कपाटावरची फळी काढून दाखवली. आईने ती हातात घेतली, खुंट्यांवरून अंगठा फिरवला. "काम लय झ्याक केलंयस," ती म्हणाली आणि फळी बाजूला ठेवून दिली. तेवढंच.

त्या दिवशी लेकीने दोन पावटे सोलले. सोलले म्हणजे मुठीत धरून इतके चिरडले की साल आणि दाणा वेगळे झाले. आईने ते दोन्ही बाकीच्या दाण्यांतच टाकले, आणि संध्याकाळी सुनेच्या ताटात वाढताना म्हणाली, "ही उसळ आज तुझ्या लेकीनं केलीया."

आई तीन आठवडे राहिली. ती लेकीला काहीही शिकवत नव्हती. तिला नुसती कामात घ्यायची. भाकरी थापताना पिठाचा एक गोळा पोरीच्या पुढ्यात टाकायची. पोर त्यात बोटं खुपसायची, थापटायची, गोळा जमिनीला फासायची. त्याची जी काही भाकरी व्हायची ती आई तव्यावर कडेला भाजायची आणि तिलाच खायला द्यायची. शेंगा फोडताना आई टोक दाबून शेंगेला चीर पाडून द्यायची, पुढची उघडायची पोरीने. दाणे मात्र आई लगेच आपल्या सुपात ओढायची, एकसुद्धा पोरीच्या तोंडात जाऊ द्यायची नाही. सगळ्यात जास्त रमली ती मेथी निवडताना. पान देठापासून खुडायचं तर मुठीचा उपयोगच नसतो. पहिले काही दिवस ती अख्खी काडी ओढून फाडायची. मग पाला ओढायची. आजी "लय झालं, लय झालं" म्हणत राहायची.

मी दाराबाहेर बसून बघायचो. मला आत घ्यायला आठवडा लागला. एका सकाळी लेकीनेच मेथीची एक काडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी ती घेतली आणि खाली मान घालून पानं खुडायला लागलो. तिच्या हाताला हात लावला नाही.

आई गेल्यावर स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. आधी बायको सकाळी उठून सगळं करून जायची. आता मी म्हटलं, भाजी-भाकरी दुपारी मी आणि पोर करू. त्या काळी विश्रामबागेत धडधाकट पुरुष दिवसा घरी बसून मेथी निवडतो हे काही नेहमीचं दृश्य नव्हतं. शेजारच्या गच्चीवरून एक गृहस्थ रोज विचारायचे, "काय, आज काय बेत?" सुरुवातीला मला ते झोंबायचं. नंतर मी बेत सांगायला लागलो, आणि पुढे पुढे ते मला वांग्याच्या भरितात किती तेल घालायचं ते सांगायला लागले.

माझी फिटरकीही शेवटी उपयोगी पडली, पण वेगळ्या तऱ्हेने. लेकीला कपडे वाळत घालायला आवडायला लागलं होतं. तिच्या उंचीला मी खिडकीच्या गजाला एक दोरी बांधून दिली. त्यावर ती हातरुमाल आणि मोजे टाकायची. पण चिमट्यांची स्प्रिंग तिच्या बोटांना आवरायची नाही. मी सहा चिमटे सोडवले, पकडीने स्प्रिंगा सैल केल्या आणि परत बसवले. आता ते तिच्याने उघडायला लागले. दोन आठवड्यांनी मी स्प्रिंगा जरा आवळल्या. तिला कळलंही नाही. आणखी दोन आठवड्यांनी आणखी जरा. शेवटी ती दुकानातला नवा चिमटा उघडायची. मोठाले नट-बोल्ट होते माझ्या पेटीत. ते सोड्याच्या पाण्यात उकळून, पुसून, आट्यांना खोबरेल लावून दिले. नट फिरत फिरत बोल्टवरून खाली यायला लागला की ती श्वास रोखून बघायची. बायकोच्या जुन्या प्रश्नपत्रिका फाडणं हा दुपारचा कार्यक्रम होता. बाराखडीच्या आधी माझ्या लेकीने बीजगणिताच्या निदान दोनशे पानांच्या चिंध्या केल्या असतील.

एका शनिवारी बायको घरी आल्यावर मी तिला उत्साहाने सांगत होतो, आज नट पूर्ण काढला, एकटीने, मी समोर नुसता बसलो होतो. ती हसली, छान म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. मी मागे गेलो तर ती ओट्याला टेकून उभी होती.

"काय झालं?"

"काही नाही. चांगलंच आहे की." मग म्हणाली, "तिचं सगळं पहिलं तुम्ही बघता. मी नुसती ऐकते. शिळं झाल्यावर."

ती रोज सकाळी दहाला जाऊन साडेपाचला यायची, आल्यावर वह्यांचा गठ्ठा तपासायची. तिच्यामुळे घर चाललं होतं. मी एवढंच म्हणालो, "चहात आलं घाल." आता लाज वाटते, पण तेवढंच म्हणालो.

त्यानंतर पंधरा दिवसांची गोष्ट. दुपारी मी चटईवर आडवा झालो होतो, लेक माझ्या छातीवर बसलेली. त्या वेळी मला भरघोस मिशा होत्या आणि त्यांत दोन-तीन केस पांढरे व्हायला लागले होते. ती माझ्या तोंडाजवळ वाकली, बारीक डोळे करून बघितलं, अंगठा आणि पहिलं बोट पुढे आणलं, नेमका एक पांढरा केस त्या दोन बोटांत धरला आणि खसकन उपटला.

मी ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं. ती केस उजेडात धरून बघत होती. अंगठा आणि तर्जनीची टोकं एकमेकांना टेकलेली आणि मध्ये तो केस. अख्खी चिमट. मी तिला उचलून छतापर्यंत उडवली.

संध्याकाळी बायको आली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज ऐकला आणि मी ठरवलं, सांगायचं नाही. तिने विचारलं, "काय, आज काय केलं?" मी म्हणालो, "नेहमीचंच. कागद फाडले."

तीन दिवस मी तोंड बंद ठेवलं. सोपं नव्हतं ते. रविवारी सकाळी बायको नहाऊन केस वाळवत उन्हात बसली होती, लेक तिच्या मांडीवर. मी आत भाकरीचं पीठ मळत होतो.

"अहो! अहो, लवकर या!"

मी पिठाच्या हातांनीच धावलो. लेकीच्या बोटांत तिच्या आईच्या साडीवरचा एक दोरा होता.

"बघितलंत? दोरा उचलला तिने! दोन बोटांनी! परत करेल बघा, थांबा." तिने दुसरा दोरा साडीवर ठेवला. लेकीने तोही उचलला. बायको हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. "तुमच्यासमोर केलं होतं का कधी?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

आजवर मी तिला खरं सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेल.

पण चिमट आली तसं तिच्यामागोमाग दुसरंही आलं. दोन वाट्या घेऊन या वाटीतले हरभरे त्या वाटीत टाकायचा खेळ मी सुरू केला होता. एक एक दाणा उचलायचा आणि टाकायचा. मी समोर बसायचो, दाणे मोजून द्यायचो. एका दुपारी खालून गॅसवाल्याने हाक मारली. सिलिंडरची आम्ही बारा दिवस वाट बघत होतो. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वरूनच त्याला थांब म्हणालो, आत येऊन कार्ड शोधलं, परत बाहेर गेलो. दोन मिनिटं, फार तर तीन.

आत आलो तर लेक नाकाला हात लावून बसली होती. "गेला," ती म्हणाली.

"काय गेला?"

"हब्बला."

मी तिला खिडकीपाशी नेऊन मान वर केली. उजव्या नाकपुडीत खूप वर पिवळसर काहीतरी दिसत होतं. मी बोट घालायला गेलो आणि थांबलो. आणखी आत गेला तर? हरभरा ओल्याने फुगतो हे मला ठाऊक होतं. तिला उचललं आणि तसाच, चपला न घालता, खाली पळालो. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन जिन्यात उभा होता, त्याने मला वाट दिली. रस्त्यावर रिक्षा मिळाली. लेक रडत नव्हती. ती रिक्षाच्या हँडलला लावलेले गोंडे बघत होती. रडण्यासारखी अवस्था माझी होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला चादरीत गुंडाळलं, कंपाउंडरने डोकं धरलं, मी पाय धरले. टोकाशी वाकवलेली एक बारीक तार आत गेली आणि हरभरा बाहेर आला. एवढा वेळ शांत असलेली लेक तेव्हा सारं दवाखान्याचं छप्पर उडेल अशी रडली.

बाईंनी हरभरा कापसावर ठेवून मला दाखवला. "डोळ्यांसमोर म्हणाले होते मी."

"हो."

"परत नको."

"नाही."

मग त्यांनी माझे अनवाणी पाय बघितले आणि आवाज जरा खाली आणला. "कुणी घातला तो नाकात? तिने स्वतः?"

"स्वतःच."

"कोणत्या हाताने, कसा धरून, ते बघा घरी गेल्यावर. मला सांगा." असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या.

बायको आल्यावर मी सगळं सांगितलं, काही न लपवता. ती ऐकून घेत होती आणि ऐकता ऐकता लेकीच्या नाकाकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, हरभऱ्यांच्या वाट्या उचलल्या, नट-बोल्ट, चिमटे, सगळं एका पिशवीत भरलं आणि माळ्यावर टाकलं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. मला तिचा राग आला नाही. मीही पोरीच्या हातात काही द्यायला घाबरत होतो. परत बाहुली आणि रबरी बदक निघालं. जेवण परत मी भरवायला लागलो.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. लेक स्वयंपाकघरात गेली, खालच्या फळीवरून एक रिकामी वाटी आणली आणि आम्हा दोघांच्या मधोमध मांडी घालून बसली. वाटी पुढ्यात ठेवली.

"काम," ती म्हणाली.

मी बायकोकडे बघितलं. ती वर्तमानपत्र वाचत होती, म्हणजे त्यात तोंड खुपसून बसली होती.

"आई, काम," लेक म्हणाली.

बायकोने वर्तमानपत्राची घडी घातली. उठून आत गेली आणि मेथीची जुडी घेऊन आली. जुडीचा दोरा सोडला, निम्म्या काड्या माझ्यासमोर टाकल्या, निम्म्या स्वतःसमोर, आणि चार काड्या लेकीच्या वाटीत ठेवल्या. "मेथी कुठे नाकात जात नाही," ती म्हणाली. माझ्याशी ती बोलली ते दोन दिवसांत पहिलं साधं वाक्य. आम्ही तिघांनी मिळून ती जुडी निवडायला पाऊण तास लावला. लेक पान खुडायची, वाटीत टाकायची, मध्येच एखादं पान आईच्या ओल्या केसांत खोवायची. कोवळ्या पानांबरोबर देठही गेले असणार, कारण ती भाजी मला चांगलीच रेषाळ लागल्याचं आठवतं.

पिशवी माळ्यावरून खाली आली ती पुढच्या आठवड्यात. हरभरे वगळून. आणि रविवारची भाजी तिघांनी निवडायची हे घरात ठरूनच गेलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी लेकीसमोर काही न बोलता चार बेदाणे ठेवले. तिने चारही उचलून खाल्ले आणि अजून मागितले. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, आता सर्दी-खोकल्याला या.

जूनमध्ये मला मिरजेच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. मुलाखत घेणाऱ्या मालकाने विचारलं, कंपनी सुटून वर्ष झालं, मध्ये काय करत होता? मी म्हणालो, मुलगी सांभाळत होतो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि हातात लोखंडाचा एक जॉब दिला, हा घासून दाखवा म्हणाले. कानस हातात घेतली तेव्हा माझी बोटं पहिल्या पाच मिनिटांत आखडली. दहा मिनिटांनी सुटली.

लेकीचं नाव जवळच्या बालवाडीत घातलं. मी दुपारची पाळी मागून घेतली होती, म्हणजे सकाळी तिला सोडणं माझ्याकडे; सुटल्यावर आणून बायको येईपर्यंत बघायचं मालकीणबाईंनी कबूल केलं होतं. घरापासून बालवाडी दहा मिनिटांवर. पण तिच्याबरोबर ते दहा मिनिटांचं अंतर अर्ध्या तासाचं व्हायचं. चार पावलं झाली की ती बसायची. चिंचोका दिसला, उचल. फाटकं एसटीचं तिकीट दिसलं, उचल. गुलमोहराची पाकळी, बाटलीचं झाकण, कुणाच्या तरी शर्टाचं तुटलेलं बटण. प्रत्येक वस्तू ती दोन बोटांत धरून उजेडात न्यायची, मला दाखवायची, आणि फ्रॉकच्या खिशात टाकायची. मी हातात तिचा डबा घेऊन उभा राहायचो आणि डोळे तिच्या हातावर ठेवायचो. तिला सोडून, घरी येऊन, आवरून निघेपर्यंत माझी मिरजेची बस पहिल्याच आठवड्यात दोनदा चुकली. सुपरवायझरला मी रस्त्याचं काम चालू आहे असं सांगितलं.